दुसरा ब्रेक

घरातली सगळी मंडळी तिला ब्रेकआत्या म्हणत, आणि याचं मूळ तिच्या उजव्या पायात होतं. उभा जन्म तिने लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवला होता. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की तो दाबायचा. वर्षानुवर्षं तो दाबून आत्याचा पाय असा तयार झाला होता की टॅक्सीत, बसमध्ये, परक्याच्या मोटारीत, इतकंच काय, टीव्हीवर कुणी गाडी दामटत असलं तरी तो आपोआप जमिनीत रुतत असे. एकदा दाताच्या डॉक्टरांनी ड्रिल जवळ आणलं, तेव्हा तिने खुर्चीतल्या खुर्चीत असा करकचून ब्रेक मारला की डॉक्टरच जागच्या जागी थांबले.

अशा आत्याला टिकलीने ऐन दुपारी फोन करून आपल्या ऑफिसात बोलावून घेतलं. टिकली म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती कामाला होती. फोनवर ती इतक्या भरभर बोलली की आत्याला निम्मं कळलं आणि निम्मं जिने चढताना लक्षात आलं. गेमचं नाव भंगारगड. भंगारात काढलेल्या गाड्यांचं एक शहर, प्रत्येक गाडीच्या टपावर तोफ, आणि एकमेकांना ठोकत, उडवत शेवटचा पूल गाठायचा. त्यात टिकलीने एक खास प्रकार बसवला होता: गाडी एकच, माणसं दोन. एकाने चालवायची, दुसऱ्याने तोफ डागायची. वर्षभर ती त्यावर खपली होती, आणि आता तोच प्रकार काढून टाकायचं चाललं होतं. कारण सोपं होतं. ज्या ज्या जोडीला खेळायला बसवलं, ती भांडून उठली होती.

टिकलीचं म्हणणं होतं की हा खेळ घरातल्या कुणाही दोघांना जमेल. कंपनीच्या मालकीणबाई म्हणाल्या होत्या, मग दाखव. आयुष्यात गेमला हात न लावलेली दोन माणसं आण. मी संध्याकाळी घरी जायला निघेपर्यंत त्यांनी शेवटचा पूल ओलांडला तर राहील, नाहीतर जाईल. दुसरं माणूस कोण, असं आत्याने विचारलं तेव्हा टिकली म्हणाली होती, आहे एक जण.

खोलीत पडदे ओढलेले होते. टेबलाला खरोखरीचं वाटावं असं स्टीअरिंग आवळून बसवलं होतं, खाली रबराच्या चटईवर पेडल होते, आणि स्टीअरिंगसमोरच्या खुर्चीत, मांडीवर पर्स घट्ट धरून, टिकलीची आई बसली होती. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ‘आहे एक जण’ एवढंच तिलाही सांगण्यात आलं होतं.

नणंद-भावजयीचं वाकडं होतं असं नाही. स्वयंपाकघरात, दवाखान्यात, खरेदीला, कुठेही दोघींचं छान जमे. फक्त एका गाडीत त्या बसत नसत. वहिनी गाडी शिकायला आत्याकडेच आली होती. परीक्षेच्या दिवशी नापास झाली, आणि त्यानंतर तिने स्टीअरिंगला हात लावला नाही. वहिनीला गाडी जमली नाही, असं घरात सगळे म्हणत. आत्याही तेच म्हणे. वहिनी काहीच म्हणत नसे. कुठे एकत्र जायचं निघालं की ती म्हणे, तुम्ही व्हा पुढे ताई, मी बसने येते.

आज बसने जाता येण्याजोगं काही नव्हतं. लेकीचा चेहरा पाहून वहिनीने पर्स बाजूला ठेवली. स्टीअरिंगपुढे तीच बसली होती, त्यामुळे चालवणार कोण हा प्रश्न निघाला नाही. आत्याच्या हातात टिकलीने दोन मुठींचं एक यंत्र दिलं. या बोटाने नेम, या बोटाने गोळा, आणि डाव्या अंगठ्याखाली जे लाल बटण आहे ना, त्याने नांगर. नांगर टाकला की गाडीच्या मागून साखळी सुटते, जमिनीत रुतते आणि गाडी जागच्या जागी थांबते.

आत्याने बटणाकडे पाहिलं. हे म्हणजे दुसरा ब्रेकच की, असं तिच्या मनात आलं, आणि एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

कोपऱ्यात बसलेला गृहस्थ खाकरला. संगणकाचं सगळं गणित त्याने लिहिलं होतं, आणि ऑफिसात त्याला दाढी म्हणत, कारण ती त्याच्या आधी खोलीत शिरे. नांगर हेच सगळ्या भांडणांचं मूळ आहे, असं त्याचं मत होतं, आणि ते त्याने पाहुण्यांसमोरही लपवलं नाही.

गाड्या निवडायच्या होत्या. रुग्णवाहिका होती, आइस्क्रीमची गाडी होती, कचऱ्याचा ट्रक होता. वहिनीने सगळ्यांत धिप्पाड असा पाण्याचा टँकर निवडला. आत्या म्हणणार होती की नवशिक्याने लहान गाडीपासून सुरुवात करावी, पण टँकर तोवर सुरूही झाला होता.

आणि काय सुरू झाला. जमीन हादरल्यासारखा आवाज आला, स्टीअरिंग वहिनीच्या हातात थरथरलं, आणि समोर गंजक्या पत्र्यांचं आख्खं शहर उलगडलं. टँकरला वजन होतं. वळण घेतलं की पोटातलं पाणी एका बाजूला जाई आणि गाडी तिकडे कलंडे. ते पाणी पुन्हा सावरेपर्यंत धीर धरावा लागे. वाळूवर चाकं जड होत, पत्र्यावर खडखडत, ओल्या फरशीवर निसटत. आत्याने आयुष्यभर माणसांना जे तोंडाने सांगून सांगून घसा बसवला, ते इथे हाताला कळत होतं. वहिनीने पिंपांच्या एका रांगेवर टँकर घातला. पिंपं चेंडूंसारखी उडाली. वहिनी हसली. आत्याने गोळा डागला, समोरची जीप फिरत फिरत भिंतीवर आदळली, आणि आपण कुणाची तरी गाडी ठोकली याचं तिला काडीचंही वाईट वाटलं नाही. मात्र उजवीकडून एक शत्रू आला तेव्हा तिने तोफ खाली केली आणि त्याला आधी जाऊ दिलं. उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, असं तिने सांगितलं. त्याने पुढे जाऊन वळून टँकर पेटवून दिला.

पण पहिलं मैदान जिंकलं, दुसरंही जिंकलं. तिसऱ्यात गाडं अडलं.

तिथे खेळाचे सगळे खोडकर गुण एकदम बाहेर आले. टँकर मागे घ्यावा तर चित्र भिंतीत शिरे आणि पडद्यावर नुसत्या विटा दिसत. तोफ चारच गोळ्यांत तापे आणि आत्याला बोटं मोडत बसावं लागे. शत्रूच्या गाड्या आपसात कधीच भांडत नसत, सगळ्या मिळून यांच्याच मागे. गाडी फुटली की नवी गाडी नेमकी शत्रूच्या दारात उगवे, आणि तो तोफ रोखून वाटच पाहत असे. दाढीने सांगितलं की यालाच खेळाची चुरस म्हणतात. वहिनी म्हणाली, आमच्या भाषेत याला डोकेदुखी म्हणतात.

या सगळ्यावर कडी म्हणजे आत्याचा अंगठा. अरुंद बोळ आला, नांगर. समोरून गाडी आली, नांगर. वहिनी वेग घेऊन उडी मारायच्या बेतात, आणि ऐन कडेला नांगर. उजवा पाय तर टेबलाच्या आडव्या दांडीवर असा आपटत होता की दाढीने उठून पाण्याची बाटली उचलून घेतली. वहिनी आधी ‘ताई, नका’ म्हणत होती. मग ‘अहो ताई’ झालं. ती ‘वन्सं’वर आली तेव्हा टिकलीने डोळे मिटून घेतले. तिची आई आत्याला वन्सं म्हणे ते फक्त डोक्यावरून पाणी गेल्यावर.

तरी कसंबसं तिसरं मैदान सुटलं. आता राहिला पूल, आणि पुलावर आजोबा.

आजोबा हे ऑफिसातल्या लोकांनी ठेवलेलं नाव. क्रेन लावलेला अगडबंब ट्रक, समोर लोखंडी सुळे. तो मागून पाठलाग करत येई, आणि पूल मध्येच तुटलेला. आजोबांना मोडून काढल्यावरच तुटक्या पुलावर फळी पडे. आणि दरवेळी लढाईआधी लोखंडी मुखवट्यातला एक माणूस धीरगंभीर आवाजात भाषण करी, जे काही केल्या पुढे ढकलता येत नसे. या गडावर येणारा येतो आपल्या पायांनी, आणि जातो वाऱ्याच्या हातांनी. पहिल्यांदा दोघींनी ते आदराने ऐकलं. चौथ्यांदा वहिनी मुखवट्याच्या बरोबरीने म्हणू लागली, वर हातवारेही करू लागली. टिकलीला हसू आवरेना. दाढी मात्र खाली मान घालून बाटलीचं झाकण फिरवत बसला होता. भाषण त्यानेच लिहिलं होतं, आणि आवाजही त्याचाच होता.

बाहेर उन्हं कलली होती. मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. ठेंगण्या, शांत बाई, खांद्याला पिशवी अडकवलेली. त्या काही बोलल्या नाहीत, पण पिशवीच बोलत होती.

पुन्हा लढाई. वहिनीने या वेळी टँकर असा घातला की पाहत राहावं. क्रेनचा हूक खाली आला, ती बाजूला सरकली. सुळे पुढे आले, ती तुटक्या काठाशी नेऊन वळवायला गेली. आत्याने पाहिलं, काठ, खाली काळं पाणी, आणि टँकर वेगात. अंगठ्याने कुणाला विचारलं नाही. साखळी सुटली, टँकर थबकला, आणि मागून आलेल्या आजोबांनी त्याचा चेंदामेंदा केला.

वहिनीने स्टीअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. पडद्यावर मुखवटा पुन्हा तेच भाषण करू लागला. या वेळी ती बरोबर म्हणाली नाही.

“माझा पाय होता ब्रेकवर,” ती म्हणाली.

आत्या म्हणाली की खेळात होता की नव्हता हे तिला कसं दिसणार.

“खेळात नव्हे, वन्सं. त्या दिवशी. चढावर.”

त्या दिवसाबद्दल दोघी कधी बोलल्या नव्हत्या. परीक्षेचा शेवटचा भाग होता. चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घरंगळू देता पुन्हा काढायची. मागच्या सीटवर परीक्षक बसलेला. वहिनीचं इंजिन बंद पडलं, गाडी मागे सरकू लागली, मागे दुधाची व्हॅन उभी होती, आणि आत्याने आपला ब्रेक दाबला. शिकवणाऱ्याने ब्रेक दाबला की शिकणारा नापास, नियमच तसा. गाडी वाचवली याबद्दल आत्याने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती. आजवर थोपटत आली होती.

“गाडी मागे चालली होती,” आत्या म्हणाली.

“हातभर. हातभर जाते, घाबरायचं नाही, तुम्हीच शिकवलं होतंत. मी पाय ठेवला आणि दाबणार, तेवढ्यात तो पेडल माझ्या पायाखालून आपला आपण खाली गेला.”

आत्याला एकदम ती गाडी आठवली. दोन्ही ब्रेक एकाच तारेला बांधलेले. इकडचा दाबला की तिकडचाही खाली जातो. म्हणजे गाडी थांबली तेव्हा वहिनीचा पाय पेडलवर होता की नव्हता, हे वहिनीखेरीज कुणालाच कळण्याचा मार्ग नव्हता. आणि कुणी तिला विचारलंही नव्हतं. सगळ्यांना सांगणारी आत्या, आणि आत्याला सांगणारा तिचा पाय.

माफी मागावी असं तिला वाटलं, पण ते शब्द तिच्या तोंडाला सरावाचे नव्हते. शिकवणाऱ्याच्या तोंडात दुसरेच शब्द बसलेले असतात. तिने यंत्र घट्ट धरलं आणि विचारलं, “आता कुठे दाबू ते तू सांगशील?”

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. भाषण संपत आलं होतं.

“सांगेपर्यंत नाही दाबायचं.”

“नाही.”

“मेलो तरी नाही.”

“मेलो तरी नाही,” आत्या म्हणाली, आणि उजवा पाय उचलून तिने डाव्या मांडीखाली दाबून ठेवला.

तोफेने आजोबा मोडत नाहीत, हे एव्हाना दोघींना कळून चुकलं होतं. वहिनीने पुटपुटत विचारलं, असा जड ट्रक वेगात असला तर थांबायला किती जागा लागते. आत्या म्हणाली, आपल्या दुप्पट, आणि रस्ता ओला असला तर देवालाच ठाऊक. वहिनीने मान हलवली. टँकरच्या मागे पाण्याची तोटी होती आणि ती उघडायचं बटण स्टीअरिंगवरच होतं. आतापर्यंत ते आगी विझवण्यापलीकडे कामी आलं नव्हतं.

टँकर सुटला. मागून आजोबा आले, खोली घुमली. वहिनी पळत नव्हती, पळवत होती. त्यांना हुलकावणी देत, पुन्हा जवळ येऊ देत, सुळे मागच्या पत्र्याला घासतील इतके जवळ येऊ देत. हूक आदळला, पुलाचा कठडा उडाला. आत्याने गोळे डागले. लागण्यासाठी नव्हे, आजोबांना आणखी चिडवण्यासाठी. तोफ तापली. पूल सरळ झाला. समोर तुटका काठ.

वहिनीने वेग वाढवला.

आत्याचा अंगठा बटणावर टेकला होता. मांडीखालचा पाय सुटायला धडपडत होता. काठ जवळ आला. वहिनीने तोटी उघडली आणि मागे पाण्याचा पट्टा चमकत पसरला. काठ आणखी जवळ. आता दाबावं, आत्याचा सगळा जन्म तिला सांगत होता, आता, आता, आणि वहिनी गप्प. टिकलीने खुर्चीची पाठ पकडली. पुढची चाकं पुलाच्या शेवटच्या पत्र्यावर आली.

“आता,” वहिनी म्हणाली. अगदी हळू. वाढताना पुरे म्हणावं तितकं हळू.

आत्याने दाबलं. साखळी सुटली, पुलाच्या जाळीत अडकली, आणि त्याच क्षणी वहिनीने स्टीअरिंग पूर्ण फिरवलं. टँकर साखळीवर गरकन वळला. दोन चाकं हवेत, दोन पत्र्यावर, पोटातलं पाणी घुसळून निघालं. आणि त्याच्या शेजारून, ओल्या पुलावरून, सगळे ब्रेक दाबून, ठिणग्या उडवत, अगदी शिस्तीत आजोबा पुढे गेले. थांबायला जागाच नव्हती. ते गेले, आणि बऱ्याच वेळाने खालून धप्प असा आवाज आला.

फळी पडली. टँकर पूल ओलांडून पलीकडे गेला.

आत्या उठून उभी राहिली होती, हे तिला नंतर कळलं. वहिनीने तिचं मनगट धरलं होतं आणि ते सोडायचं तिच्या लक्षात नव्हतं. दाढी टाळ्या वाजवत होता. आजोबांना असं पाडता येतं हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं, असं तो परत परत सांगत होता, आणि हे गणित आपलंच आहे याचा अभिमान त्याला लपवता येत नव्हता. मालकीणबाईंनी पिशवी खांद्यावरून उतरवून खुर्चीवर ठेवली. त्यांनी टिकलीला एवढंच सांगितलं की नांगर राहू दे, दोघींची गाडी राहू दे, फक्त मागे घेताना ते चित्र भिंतीत शिरतं ते बघ, आणि भाषण नको असेल त्याला पुढे जाता येऊ दे. दाढीने एक उसासा सोडला. वहिनी त्याला म्हणाली की भाषण छान आहे हो, फक्त एकदाच छान आहे.

टिकलीने आधी आईला मिठी मारली, मग आत्याला, मग दोघींना एकदम.

खाली, इमारतीच्या तळघरात, आत्याची शिकवणीची गाडी उभी होती. तिथून वरच्या अंगणात यायला एक उतार होता, म्हणजे वर जाणाऱ्याला चढ. वहिनी बसने जाते म्हणाली नाही. ती गाडीच्या उजव्या दारापाशी येऊन नुसती उभी राहिली.

आत्याने तिच्याकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं आणि किल्ली पुढे केली. फाटकापर्यंतच, असं तिने बजावलं. तुझ्याकडे लायसन नाही.

“माहीत आहे कुणामुळे नाही,” वहिनी म्हणाली आणि आत बसली.

आत्या डावीकडे बसली. पायाशी तो दुसरा ब्रेक होता, वापरून वापरून रबर गुळगुळीत झालेला. तिने चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली. एवढ्याशा सीटवर ते सोपं नव्हतं. गुडघा दाराला टेकला आणि कमरेतून कळ गेली. मधल्या हँडब्रेकवर हात ठेवावा असं मनात आलं, तेव्हा तिने तो हात पदराखाली घेतला.

वहिनीने गाडी सुरू केली. चढाच्या मध्यावर, जसं व्हायचं होतं तसंच, इंजिन बंद पडलं. गाडी मागे सरकली. वरच्या बाजूला टिकली उभी होती, तिने तोंडावर हात धरला. आत्याचे दोन्ही तळपाय मांडीखाली गोळा होऊन बसले होते, जागेवरच पेटके येतील असे.

हातभर सरकून गाडी थांबली.

या वेळी कुणी थांबवली यात शंका घ्यायला जागा नव्हती. वहिनीने श्वास सोडला, किल्ली फिरवली, क्लच हळू सोडला, आणि गाडी गुरगुरत, नाक वर करून, चढ चढून संध्याकाळच्या उजेडात अंगणात आली. वहिनीने आरशात पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की नुसतीच चमक, हे आत्याने नीट पाहिलं नाही. तिचं लक्ष दुसरीकडेच लागलं होतं. फाटकाकडे वळण होतं, आणि इतका वेळ तोंड मिटून बसलेल्या आत्याला आता मात्र राहवलं नाही.

“इंडिकेटर,” ती म्हणाली.